करवतीचा काठ आणि बगदादची बातमी

आश्विन उतरू लागला की मोहाडीच्या तहसील कचेरीसमोर, चिंचेखाली, एक विशिष्ट वास येतो. तो चिंचेचा नव्हे आणि कचेरीतल्या जुन्या दप्तरांचाही नव्हे. कचेरीच्या मागल्या अंगाला धानाच्या बांध्या आहेत. हलके धान कापून झालेले असते, भारी धान अजून उभे असते. आणि पाणी ओसरल्यावर ओला चिखल, पिवळी पडणारी पात व भरत आलेला दाणा या तिहींचा मिळून तो वास होतो. सकाळचा वारा अनुकूल असेल तर तो थेट माझ्या लिहिण्याच्या पेटीपर्यंत येतो आणि शाईच्या वासात मिसळतो. बाहेरच्या माणसाला हे दोन वास वेगळे काढता येणार नाहीत. मला येतात.

गेली बावीस वर्षे मी या चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीच्या पुढे गेले नाही, हे मी लपवत नाही. परंतु माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आला, असे आजवर घडलेले नाही. तहसीलदार येतात आणि बदलून जातात; चिंच आणि मी जागेवर असतो. एका साहेबांनी निरोपाच्या दिवशी माझ्याकडे पाहून म्हटले होते की, या कचेरीचे अर्धे काम बाहेरच होते. मी त्यावर काही बोललो नाही. खरे बोलणाऱ्याला उत्तर द्यावयाचे नसते.

दिवाळीपूर्वी मी स्थळप्रतींची पेटी उन्हात ठेवतो. प्रत्येक अर्जाखाली कार्बन घालून एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि तिच्यावरही सही अथवा अंगठा घ्यावा, ही माझी रीत आहे. कागदांना वाळवीपासून ऊनच वाचवते. यंदा पेटीच्या तळाशी एक जांभळट प्रत हाती आली. तिच्याखाली अंगठ्याच्या जागी एक गोल डाग होता आणि त्या डागात एकही रेष नव्हती. कोशाचे रेशमी सूत काढणाऱ्या बाईचा अंगठा असाच उमटतो. मी प्रत उन्हात पसरली, वर दगड ठेवला, आणि सात वर्षांपूर्वीचा तो मोसम समोर येऊन बसला.

त्या वर्षी इराण आणि इराक या दोन देशांत लढाई चालू होती. नागपूरचे वर्तमानपत्र वरठीच्या स्थानकावर रेल्वेतून उतरे आणि तेथून बसने मोहाडीस येई, तोवर अकरा वाजत. ते भैयालालच्या चहाच्या हॉटेलात येत असे, परंतु त्याची घडी मोडण्याचा मान माझा होता. मी चिंचेखाली उभा राहून वाचीत असे. तारखेसाठी आलेले, दाखल्यासाठी आलेले, काहीच कामासाठी न आलेले असे सर्व लोक ऐकत. वाचणे आणि वाचून दाखविणे यांत अंतर आहे. बातमी जेथे कोरडी असेल तेथे तिला थोडे पाणी घालावे लागते. आगीचे लोळ, धुराने झाकलेला सूर्य, ओस पडलेले बाजार हे सर्व वर्तमानपत्रात असेच, असे नव्हे. परंतु लढाई म्हटली की ते कोठेतरी असणारच, सबब मी ते सांगत असे. ‘बगदाद’ हा शब्द मी किंचित थांबून उच्चारीत असे. तो शब्द ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर पडलेला दिसे.

म्हणून श्रावण पराते जेव्हा बगदादचेच पत्र घेऊन माझ्यासमोर बसला, तेव्हा भैयालालच्या हातातली चहाची किटली जागच्या जागी थांबली.

श्रावण आंधळगावचा, कोसा म्हणजे टसर रेशीम विणणारा. चाळिशीचा, बारीक अंगाचा, बोलण्यापूर्वी घसा साफ करण्याची सवय असलेला. धानाचे रोवणे नुकतेच आटोपले होते. बायाबापड्यांच्या पायांवर चिखल अजून पांढरा वाळलेला दिसे. त्याने घडी उलगडून पत्र माझ्या पेटीवर ठेवले. हातमागाचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्याने कळविले होते की, दिवाळीनंतर बगदाद शहरी व्यापारी प्रदर्शन भरणार असून भारताच्या दालनात करवतकाठी लुगडे विणून दाखविण्यासाठी त्याची निवड झाली आहे. तरी पासपोर्टचा अर्ज त्वरित करावा.

“लिहून द्या जी बाबूजी,” तो म्हणाला.

“काय लिहून देऊ? नकार की होकार?”

“होकार. नकार लिहाले तुमच्यापावतर काहून येऊ? तो तं घरीच देता येते.”

भैयालाल बालाघाटकडचा. त्याची जीभ मराठी आणि हिंदी यांच्या बांधावरून चाले. “श्रावणभाऊ,” तो म्हणाला, “तिथले लोक घरदार सोडून भागून राहिले, अन् तू माग घेऊन चालला? तुले कोनी सांगतलं का तिथं लुगडं नेसतेत म्हनून?”

“नेसत नसतीन. पाहातीन तं खरं.”

मी त्यास वर्तमानपत्र दाखविले. कालचेही दाखविले. त्याने दोन्ही अंक नीट पाहिले. त्यास चार इयत्तांचे वाचता येत होते. मग तो म्हणाला, “बाबूजी, माह्या बापाचं कापड कलकत्त्याले गेलं. आज्याचं तं म्हनतेत समुद्रापार गेलं. आमी मात्र आंधळगावातच. कापड सप्पा दुनिया फिरून आलं अन् विननारा नागपूरच्या पुढं गेला नाई. एक डाव जाऊन पाहातो. ते काहून बलावून राहिले ते तं समजीन.”

मी फॉर्म भरावयास घेतला. अर्जनवीसाने अर्जदाराच्या मनात शिरू नये, असे माझे मत आहे. वैद्याने नाडी पाहावी, रोग्याचे शेत पाहू नये.

तरी त्या दिवसांत मी एक गोष्ट केली, ती येथे नमूद करतो. शाळेतून एक जुना नकाशांचा संच आणून मी त्यात बगदाद शोधले. दोन नद्यांच्या मध्ये एक ठिपका होता. मोहाडी नकाशात नव्हती, नागपूर होते. मी पट्टीने रेघ ओढली. एक वीत आणि दोन बोटे अंतर भरले. त्याच संचाच्या शेवटी देशोदेशीच्या वेळा दिलेल्या होत्या. तेथील घड्याळ आपल्या मागे अडीच तास चालते. तेव्हापासून कचेरीत अकराचे टोले पडले की माझ्या मनात साडेआठ वाजत. हे मी कोणास सांगितले नाही. नकाशा परत करताना रेघ खोडण्यास मात्र विसरलो.

श्रावण एकदा मला घरी घेऊन गेला. फॉर्मातल्या ‘व्यवसाय’ या रकान्यात काय लिहावे, ते मी डोळ्यांनी पाहावे असे त्याचे म्हणणे पडले. कोसा उकडण्याचा वास गल्लीच्या तोंडापासून येत होता; तो सुगंध नव्हे, परंतु त्या गल्लीत जन्मलेल्या माणसास त्यावाचून भूक लागत नसावी. ओसरीवर त्याची बायको कौतिका बसली होती. उकडलेल्या कोशातून ती सूत ओढी आणि उघड्या मांडीवर तळव्याने वळी. मला पाहताच तिने पदर ओढून गुडघ्यावर घेतला, पण हात थांबविला नाही. आत जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय सोडून बसण्याचा माग. श्रावणचा बाप डोमाजी भिंतीला टेकून बसला होता. पन्नास वर्षे बारीक सूत पाहून त्याचे डोळे विझत आले होते. त्यास उजेड आणि अंधार एवढे दोनच कळत. श्रावणची पोरगी त्याच उन्हाळ्यात सासरी गेली होती. घरात ही तीनच माणसे.

करवतीचा काठ मी प्रथमच होताना पाहिला. काठाच्या कडेने करवतीच्या दातांसारखे टोक निघत जाते आणि त्यासाठी तीन धोटे लागतात : लुगड्याच्या अंगाचा एक, दोन काठांचे दोन. आता काही जण ते एकट्यानेही जमवितात, असे ऐकतो. त्या घरची रीत तशी नव्हती. श्रावण खड्ड्यात उतरला की कौतिका हातातले सूत ठेवून मागाच्या डाव्या अंगाला येऊन बसे आणि तिकडचा धोटा ती टाकी. दोघेही बोलत नसत. त्याने पावडी दाबली की तिचा हात निघे. एक दात, दुसरा दात, तिसरा दात. डोमाजीला दिसत नव्हते, पण एकदा तो भिंतीपासूनच म्हणाला, “ढिला पडला.” श्रावणने धागे मागे घेऊन तो दात उसवला. मी फॉर्मात ‘विणकर’ असे लिहिले. रकाना लहान होता.

पोळा झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून उतरला नव्हता, तोच एका बाजाराच्या दिवशी कौतिका एकटी आली. डोक्यावरचे गाठोडे उतरवून ती माझ्यासमोर बसली आणि चिंचेच्या मुळाकडे पाहत म्हणाली, “बाबूजी, एक कागद लिहून द्या. ह्यायले तिकडे पाठवू नका म्हनून.”

येथे माझ्या व्यवसायाचा एक नियम सांगणे प्राप्त आहे. बांधाच्या भांडणात एका भावाचा अर्ज मी लिहितो आणि दुसऱ्याची हरकतही मीच लिहितो. शाईला बाजू नसते. सबब नवऱ्याचा अर्ज लिहिल्यावर बायकोची हरकत लिहिण्यास मला अडचण वाटली नाही. मी कार्बन घातला.

“हरकतीचे कारण सांगा.”

“तुमीच तं रोज सांगून राहिले कारन. गावाले आग लागली, मानसं मरून राहिली. पाहुनपनाले जाले हाच गाव भेटला का?”

“ते भय झाले. कागदावर भय चालत नाही बाई. कागदास कारण लागते.”

ती गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागली. बाजारातून मिरच्यांचा ठसका येत होता. एक म्हातारा कोंबडी उलटी धरून चालला होता. शेवटी ती म्हणाली, “मंग असं लिहा. एकट्यानं करवत होत नाई. तिकडून धोटा कोन टाकीन? हे तिथं जाऊन तोंड पाहात बसतीन अन् आपल्या गावाचं नाक कापून येतीन. हे कारन झालं का?”

हे उत्कृष्ट कारण होते. मी लिहिले की, सदर काम हे दोन इसमांचे असून अर्जदारीण हिच्या साहाय्याशिवाय ते पूर्णत्वास जाणे अशक्य आहे. सबब तिचे पतीस एकट्यास पाठविल्याने खात्याची व गावाची अप्रतिष्ठा होईल. शेवटी, ज्या वाक्याने मी गेली बावीस वर्षे प्रत्येक अर्ज संपवीत आलो आहे, त्याच वाक्याने तो संपविला : ‘तरी मेहेरबान साहेबांनी योग्य ती तजवीज करावी, ही नम्र विनंती.’ पाठवू नका, असे शब्द मी घातले नाहीत. साहेबाने काय करू नये हे त्यास सांगावयाचे नसते. तेवढे त्यास समजते, असे दाखवावयाचे असते. जुने अर्जनवीस मला हेच शिकवून गेले.

तिने अंगठा टेकला. नुसता डाग उमटला. मी तो पुसून पुन्हा शाई लावली, पुन्हा टेकविला, पुन्हा डाग. वर्षानुवर्षे सूत ओढून तिच्या बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. “राहू द्या जी,” ती म्हणाली, “हे बोट माहंच हाये, सप्पा आंधळगाव सांगीन.” मी बाजूस ‘निशाणी अंगठा’ असे लिहून खाली माझी साक्ष घातली. अर्ज वाचून दाखविला नाही. तशी रीत नव्हती, आणि तिनेही विचारले नाही.

दसऱ्याच्या आसपास खात्याचे उत्तर आले. अर्जातील मुद्दा विचारात घेण्यात आला असून योग्य ती तजवीज करण्यात येत आहे, श्री. श्रावण पराते यांच्यासोबत सौ. कौतिकाबाई पराते यांचीही निवड करण्यात आली आहे. त्यांचा पासपोर्ट खास बाब म्हणून लवकर व्हावा, अशी शिफारस जोडली होती.

नवराबायको दोघेही पत्र घेऊन आले. श्रावणच्या चेहऱ्यावर हसू होते आणि ते तो दाबीत होता. कारण कौतिकाच्या चेहऱ्यावर ते नव्हते.

“बाबूजी,” ती उभ्यानेच म्हणाली, “मी ह्यायले थांबवा म्हनून सांगतलं. तुमी तं मलेच गाडीत बसवून राहिले.”

भैयालाल हसू लागला. “बाई, बाबूजीच्या कलमात लई ताकद हाये. उद्या बुढ्याचंही नाव येते पाहाय.”

मी शांतपणे तिला समजावून दिले की, अर्जाचा परिणाम हा अर्ज वाचणाऱ्याच्या हाती असतो, लिहिणाऱ्याच्या नव्हे. आणि तिची इच्छा असल्यास मी नव्याने दुसरा अर्ज लिहून देतो. मी कार्बनही काढला. ती त्या निळ्या कागदाकडे पाहत राहिली. वर्तमानपत्र नुकतेच आले होते आणि लोक गोळा होऊ लागले होते. पहिल्या पानावर पुन्हा तेच शहर होते. ती अक्षरे तिला वाचता येत नव्हती, परंतु काळ्या धुराचे चित्र येत होते.

“मी नाई म्हनलं,” तिने नवऱ्याला विचारले, “तं तुमी राहाल का?”

श्रावणने घसा साफ केला. मग त्याने पत्र घडी करून खिशात ठेवले.

“पाहा,” ती आम्हां सर्वांना म्हणाली. “हे जातीनच. मंग मी इथं बसून रोज बाबूजीचं आइकत राहू का? त्यापरस गेलो तं दोघं, आलो तं दोघं. ठेवा तो कागद, बाबूजी.”

मी कार्बन परत घडीत ठेवला. ती चूक माझी होती, असे मी त्या वेळी मानले नाही. आजही तो शब्द मी जपून वापरतो. एवढेच म्हणतो की, तिने जे सांगितले ते मी लिहिले, आणि तिला जे हवे होते ते लिहिले नाही.

पुढचे दिवस त्या मोसमाच्या वेगाने गेले. भारी धानाची लोंबी वाकू लागली होती. फोटोसाठी तुमसरला गेल्यावर फोटोवाल्याने कौतिकाला पदर मागे घ्यावयास सांगितले, तेव्हा तिने सासऱ्याच्या नावाने एकदा हात जोडले आणि मग तो मागे घेतला. त्या फोटोत ती कोणाशी तरी भांडावयास निघाल्यासारखी दिसते. पासपोर्टच्या फॉर्मावर अंगठा उमटेना, म्हणून आठ दिवस तिने सुताला हात लावला नाही आणि बोटांना जवसाचे तेल चोळले. नवव्या दिवशी दोन-तीन रेषा आल्या. त्यांकडे पाहून ती म्हणाली, “लहानपनी अशाच होत्या.” एवढेच.

सोबत काय न्यावे, याचीही मसलत चिंचेखालीच झाली. उकडा तांदूळ, लाखोळीची डाळ, जवसाची चटणी, आंब्याचे लोणचे. माग लाकडी चौकटीवर बांधून नेता येईल असा करून घेतला. तेथे खड्डा खणण्यास परवानगी मिळण्यासारखी नव्हती. वर्तमानपत्र मी रोज वाचीतच होतो. कौतिका त्या वेळी हजर असेल तर लोक तिच्याकडे वळून पाहत. ती पाहत नसे.

दिवाळीतल्या गायगोधनाच्या तिसऱ्या दिवशी ते निघाले. मी वरठीच्या स्थानकावर गेलो होतो. माझे तेथे अन्य काम होते. तेथील कारखान्याची पाळी सुटली होती आणि सायकलींची रांग फाटकाशी थांबली होती. डोमाजी पोराचा दंड धरून फलाटावर उभा होता. गाडी येण्याचा आवाज त्यास आम्हां सर्वांच्या आधी आला. त्याने मुलाला काही सांगितले नाही, सुनेला म्हणाला, “पोरी, काठ ढिला पडू देऊ नोको.” गाडी गेल्यावर तो तसाच उभा राहिला. मी त्यास बसपर्यंत आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डोमाजी चिंचेखाली हजर. आंधळगावच्या बसने आला होता; कंडक्टरने हात धरून उतरविले. “बाबूजी,” तो म्हणाला, “बगदादचं काय लिहून येते, ते मले आइकवत जा.”

धान कापणीला आले होते. कचेरीत गर्दी नव्हती. सर्व गाव विळे घेऊन बांध्यांत उतरला होता. कापलेल्या धानाच्या कडपा उन्हात पसरलेल्या दिसत आणि संध्याकाळपावेतो साऱ्या शिवारातून कोरड्या पेंढ्याची सळसळ येई. अशा त्या रिकाम्या चिंचेखाली मी, भैयालाल आणि एक आंधळा म्हातारा. अकराला वर्तमानपत्र येई. माझ्या मनात साडेआठ वाजत.

पहिले चार-पाच दिवस वाचण्यासारखे काही नव्हते. मग एके दिवशी घडी उलगडताच वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत ते नाव दिसले. खालचा मजकूर मी मनात वाचला. त्यात पाणी घालण्याची गरज नव्हती. भैयालाल माझ्या खांद्यावरून पाहत होता. त्यास मराठी अक्षरे सावकाश येत, तरी तेवढी आली. डोमाजी मान तिरपी करून थांबला होता, जसा तो भिंतीला टेकून मागाचा आवाज ऐके.

“धानाच्या सरकारी खरेदीबाबत बैठक झाली,” मी वाचले. “गोंदियास राईस मिलवाल्यांची सभा. पवनीकडे वाघ दिसला.”

“अन् बगदाद?”

“बगदादचे आज काही नाही.”

“काहीच नाई?”

“काही नाही, डोमाजी. थंडी पडली आहे, एवढेच लिहिले आहे.”

तो “बरं” म्हणाला आणि उठला. भैयालालने त्यास चहा दिला.

पंधरा वर्षे मी बातमीत भर घातली. त्या पंधरवड्यात मी बातमीतून काढून टाकण्याचे काम केले. ते अधिक कठीण आहे. भर घालताना आवाज चढविता येतो. काढताना तो आहे तेथेच ठेवावा लागतो. बगदादेत मी थंडी पाडली, एकदा पाऊस पाडला, एकदा तेथील बाजारात खजूर आल्याचे सांगितले. प्रदर्शनास मोठी गर्दी लोटल्याचेही एकदा वाचले. डोमाजी प्रत्येक वेळी “बरं” म्हणे. घरी गेल्यावर मी मूळ मजकूर पुन्हा वाची आणि माझ्या ध्यानात येई की, मी त्या दोघांचा विचार करीत नसून त्या अर्जाच्या ‘योग्य ती तजवीज करावी’ या शेवटच्या वाक्याचा विचार करीत आहे.

ते आले तेव्हा कापणी संपून मळणी चालली होती आणि गावोगाव मंडईची जत्रा भरू लागली होती. आंधळगावच्या मंडईत मीही होतो. जिलेबीच्या कढया, पाळणे, आणि पलीकडे दंडारीच्या नाटकाच्या तयारीचा ढोलकीचा आवाज. त्या गर्दीत कौतिका एका चटईवर बसली होती आणि भोवती बायकांचे कोंडाळे होते. ती नेहमीसारखीच दिसत होती. पायांत मात्र तिकडचे जोडे होते.

“कसा हाये व गाव?” एकीने विचारले.

“मोठा हाये. खजुराची झाडं, रुंद रस्ते. मानसं चांगली. बाया काळ्या कपड्यातल्या, पन काठाले हात लावून पाहात. एक म्हातारी तं रोज येऊन बसे. तिचा पोरगा लढाईवर होता म्हनतेत. बोले काही नाई.”

“अन् बाम पडला का व?”

“एक दिवस भोंगा वाजला. सप्पा लोक पळाले. आमचा दात अर्धा होता. ह्यायच्या हाती एक धोटा, माह्या हाती एक. सोडला असता तं काठ गेला असता.”

“मंग?”

“मंग काही नाई. पुरा केला. नंतर खात्याचे साहेब लई बोलले आमाले.”

मी मागे उभा होतो. तिने मला पाहिले आणि पदर सावरला. “बाबूजी, बसा जी” म्हणाली. त्यात राग नव्हता, उपकारही नव्हता. मी बसलो नाही.

डोमाजी पाळण्यांच्या बाजूला एका दगडावर बसला होता. पावलांवरून त्याने मला ओळखले. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि, काहीतरी बोलावयाचे म्हणून, बोललो, “डोमाजी, देवाने सुखरूप आणले. वर्तमानपत्रातही सर्व ठीकच होते.”

“बसमधला कंडक्टर वाचून दाखवे ना जी मले,” तो म्हणाला. “घरी जाता जाता. रोज. कोठी पडला, किती मेले, सप्पा.”

ढोलकी वाजत होती.

“मग तुम्हांस सर्व ठाऊक होते.”

“ठावं होतं.”

“तरी रोज इतक्या लांब कायले येत होते?” मी विचारले. ‘कायले’ हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला, कळले नाही. मी तसे बोलत नसतो.

“‘काही नाई’ म्हननारं कोनी लागते ना,” डोमाजी म्हणाला. “कंडक्टर पोरगा हाये. जे असन ते वाचते. तुमच्या तोंडून आइकलं का मंग जेवन जाये.”

“पण मी खोटे वाचतो आहे, हे तुम्हांस समजत होते. एकदाही बोलला नाहीत.”

म्हातारा हसला. त्याच्या डोळ्यांत पाळण्याचा उजेड वरखाली होत होता, आणि तेवढा त्यास दिसत असावा.

“तुमी लिहिता जी बाबूजी, आमी अंगठा लावतो. आजवर कोनं वाचून पाहिलं का?”

डोमाजी दोन वर्षांनी गेला. श्रावण आणि कौतिका अजून विणतात. तिकडून आणखी एकदा बोलावणे आले होते, त्यास त्यांनी नकार कळविला आणि तो घरीच दिला, माझ्याकडे आले नाहीत. भैयालाल मधून मधून विचारतो की, बाबूजी, आताशा पेपर इतका फिका काहून वाचता. वर्तमानपत्रात जेवढे असते तेवढेच मी वाचतो.

आणि अर्ज लिहून झाला की, अंगठा घेण्यापूर्वी, तो मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचून दाखवितो. कामास दुप्पट वेळ लागतो. पुष्कळ लोक कंटाळतात. धान कापणीला आलेले असते आणि कोणासही बसावयास सवड नसते. परंतु एखादा मध्येच हात वर करून म्हणतो, “असं नाई जी, मी असं नोतो म्हनत.” मग मी रेघ मारतो, नवा कागद घेतो, कार्बन सारखा करतो, आणि पुन्हा विचारतो.